नुसतीच कॉलर

शर्टात धुण्यासारखी जागा एकच असते, ती म्हणजे कॉलर. बाकीचा शर्ट नुसता पाण्यातून काढून झटकला तरी चालतो. पण कॉलरीच्या आतल्या बाजूला जो काळा पट्टा बसतो, त्याला साबण लागतो, ब्रश लागतो, दगड लागतो आणि एका बाईची कंबर लागते. आमच्या घरात शर्ट घालणारे पुरुष तीन आणि कंबर एकटी माझी. सासूबाई गेल्यापासून घरात दुसरी बाई नाही.

आमचं गाव जिंतूरपासून जवळच. कापूस, सोयाबीन, थोडी तूर, आणि जिंतुरात स्टँडजवळ खता-बियाण्यांचं दुकान. दुकान माझा धाकटा दीर विवेक बघतो. वयानं माझ्याएवढाच, पण नात्यानं भाऊजी, म्हणून तोंडावर 'अहो' आणि मनात 'अरे'. दिवसभर खताच्या गोण्या हलवून त्याच्या कॉलरीवर जो थर चढायचा, तो बघून मला रोज संध्याकाळी रडू यायचं.

दिवाळीनंतर थंडी पडली. मराठवाड्यात कसली आलीय थंडी, असं पुण्यामुंबईचे लोक म्हणतात. त्यांना एकदा सकाळी आमच्या धुण्याच्या दगडावर आणून बसवायला पाहिजे. माझ्या बोटांना भेगा पडल्या, भेगांत साबण गेला, आणि एका सकाळी मी ब्रश आपटून उभी राहिले. अंगणात तिघंही उन्हाला बसून चहा पीत होते.

"आजपासून शर्ट मी धुणार," मी सांगून टाकलं. "कॉलर ज्याची त्यानं घासायची. न्हाई घासली तर तशीच वाळत पडंल."

माझे सासरे बन्सीधर, त्यांना मी मामा म्हणते, त्यांनी आधी मला काही झालंय का ते निरखून पाहिलं. मग माझा नवरा काही बोलतो का ते पाहिलं. नवऱ्यानं बशीत चहा ओतून घेतला. तो मला ओळखून आहे. दुसऱ्या दिवसापासून मामांनी गळ्याला मफलर गुंडाळला, तो भर दुपारीही सोडेनात. नवऱ्यानं गोल गळ्याचे टी-शर्ट आणले. राहिला विवेक. त्याला गिऱ्हाइकांकडून 'साहेब' म्हणवून घ्यायची भारी हौस, आणि कॉलरीशिवाय साहेब कसला? पण घासायचा आळस त्याहून मोठा.

एका दुपारी मी शेतातून आले, तर माझ्या शिलाई मशीनवर विवेक बसलेला. एक जुना शर्ट त्यानं खांद्याखाली सरळ कापून टाकला होता. कॉलर, तिच्याखाली छातीपर्यंत बटणांची पट्टी, पाठीला वीतभर कापड, एवढंच उरलेलं. बाह्या नाहीत, खिसा नाही, पोट नाही.

"भाऊजी, हे काय करायलाव?"

"वहिनी, तुमीच सांगा. स्वेटरमधून शर्टाचं काय दिसतंय? कॉलर. मंग बाकीचा शर्ट कशाला मळवायचा?"

मी हसून हसून खाली बसले. पण डोकं चाललं होतं त्याचं, ते नाही म्हणता येईना. जुन्या शर्टाची कॉलर. मळली की हातरुमालासारखी मगात बुचकळायची आणि दुसरी चढवायची. मी त्याला कडा दुमडायला शिकवल्या, बगलेखालून इलास्टिक कसं न्यायचं ते दाखवलं. पुढची बटणं नुसती दिसायला ठेवायची आणि त्यांच्या खाली टिचबटणं लावायची, ही अक्कल त्याची त्यानंच चालवली, कारण त्याला काजं करता येत नव्हती. आठवडाभरात दोरीवर ओळीनं कॉलरी वाळायला लागल्या. मामांना वाटलं, मी फडकी शिवायलेय.

आता खरी गोष्ट सांगते. विवेकचं लग्न जमत नव्हतं. शेतकऱ्याचं घर नको, दुकान नको, नोकरीवाला पाहिजे, असं करत करत पाच-सहा ठिकाणांहून नकार आला होता. तो वरवर हसायचा. पण मागच्या हिवाळ्यात परभणीला शेतीचं प्रदर्शन भरलं होतं, तिथून आल्यापासून त्याचं हसणंही कमी झालं. तिथे बियाण्याच्या एका स्टॉलवर अर्पिता नावाची मुलगी होती. शेतीचं शिकलेली, परभणीचीच. स्वतःचं बियाण्यांचं दुकान असलेला माणूस तिच्याकडून तीनदा भेंडीचं बी विकत घेऊन आला. मला कळायला तेवढं पुरे होतं.

मीच मग मामांचे आतेभाऊ उद्धवतात्या यांच्या मागे लागले. सोयरिकी जुळवण्यात त्यांची हयात गेलेली. तात्या परभणीला जाऊन आले, ओसरीवर बसले आणि पाणी पिऊन म्हणाले, "पोरीची ना न्हाई. आई सुमनबाई लय गरीब सोभावाची. पण बाप! चंद्रभानराव म्हंजे लय चिकित्सक माणूस."

"काय मागायलेत?" मामांनी विचारलं.

"मागत कायबी न्हाईत. कॉलर बघतेत."

"काय बघतेत?"

तात्यांनी समजावून सांगितलं. चंद्रभानराव कचेरीत कारकून होते. जन्मभर लोक त्यांच्या टेबलावर वाकून सह्या करायचे आणि हे बसल्या जागेवरून त्यांच्या कॉलरीत डोकवायचे. ज्याची कॉलर आतून मळकी तो माणूस आतून मळका, असं त्यांनी एकदा ठरवून टाकलं ते ठरवलंच. मुलगा बघायला गेले की मायेनं पाठीवरून हात फिरवतात आणि हळूच कॉलर उलटून बघतात. मानवतचं एक स्थळ त्यावर मोडलं, सेलूचंही त्यावरच.

"हात्तिच्या! मंग पोराला नवा शर्ट घेऊ की," मामा म्हणाले.

"तिथंच तर घोडं अडतंय, दादा. नवा शर्ट दिसला की ते चहाबी घेत न्हाईत. म्हणतेत, नवा कुणीबी घालंल, आमाला रोजचा दाखवा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी थापत राहिले. विवेकनं मात्र त्या दिवशी आळस सोडला. रोजचे सगळे शर्ट दगडावर घेऊन बसला आणि कॉलरी घासघास घासल्या. एक फाटली, एक विरली, पण काळा पट्टा काही हटेना. खताची भुकटी आणि घाम मिळून जे तयार होतं, ते कापडातून निघत नाही. संध्याकाळी तो दगडावर तसाच बसून राहिला. बोटं लाल झालेली. म्हणाला, "वहिनी, भेंडीचं बी नेलं तेव्हा तिनं विचारलं होतं, पेरणी किती? मी म्हणलो, दोन एकर. दोन एकर भेंडी! तरीबी ती हसली न्हाई. अशी पोरगी परत भेटायची न्हाई मला."

त्याचं तोंड बघून माझा जीव तुटला. आणि जीव तुटला की माझं डोकं नको तिकडं पळतं. मी म्हटलं, "त्यांना रोजच्या शर्टाची कॉलर बघायचीय ना? मंग रोजचीच करू. शर्टाची शेपटी बघा भाऊजी, जी पँटीत खोचलेली असती. ती धुऊन धुऊन विटली तेवढीच, पण तिला मळ कुठं लागलाय?"

विवेक माझ्याकडे बघतच राहिला. मग उठला आणि मशीनवर जाऊन बसला. ज्या आकाशी शर्टाची कॉलर त्यानं आधीच कापून सुटी केली होती, त्याच शर्टाची उरलेली शेपटी कापून ते कापड त्यानं कॉलरीच्या आतून चढवलं. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा शिवलं. कॉलर अशी झाली, की बघणाऱ्याला वाटावं, चार वर्षं रोज वापरली आणि चार वर्षं रोज धुतली. हे फक्त त्याला आणि मला माहीत. मामांना सांगितलं असतं तर त्यांनी आनंदाच्या भरात गावभर केलं असतं.

रविवारी सकाळी पाहुणे आले. आधी मुलीनं घर बघावं, माणसं बघावीत, मग पुढचं, असं सुमनबाईंचं म्हणणं होतं, म्हणून अर्पिताही बरोबर होती. गाडीतून उतरली ती अंगणातल्या तुळशीकडे न बघता थेट दोरीकडे बघत उतरली. दोरीवरच्या कॉलरी मी पहाटेच काढून ठेवल्या होत्या, तरी मी एकदा दोरीकडे बघून घेतलं.

विवेक व्ही गळ्याचं मरून स्वेटर घालून ओसरीवर आला. गळ्यात आकाशी कॉलर, एक बटण उघडं, बाकीची बंद. दिसत होता मोठा झोकात. आत बनियन. थंडीनं त्याचे दात वाजत होते, पण पाहुण्यांना ते लाजणं वाटलं असावं.

चंद्रभानराव बुटके, गोरे, टोकदार नाकाचे. त्यांची स्वतःची कॉलर इतकी पांढरी की डोळ्यांना टोचावी. दोन घोट चहा झाला, शेतीची चौकशी झाली, आणि ते उठून विवेकच्या शेजारी जाऊन बसले. "काय मग, दुकान कसं चालायलंय?" असं म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हात मानेपाशी आला. दोन बोटं कॉलरीखाली गेली. तात्यांनी डोळे मिटले. मी दाराआड पदराचं टोक दातांत धरलं.

"वा!" चंद्रभानराव म्हणाले. "रोजचाच दिसतोय शर्ट."

"रोजचाच हाय," विवेक म्हणाला. तसं बघितलं तर ते खरंच होतं.

"धुणं लय नेटकं हाय तुमच्या घरात." चंद्रभानरावांनी मामांना शाबासकी दिली आणि मामांनी ती घेतलीही. आनंदात त्यांचा हात मफलर सोडायला वर गेला, मग त्यांना काय आठवलं कोण जाणे, त्यांनी उलट आणखी एक वेढा घातला. तात्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणाले, "पोरापोरीला जरा बोलू द्या आता."

गच्चीवर तुरी वाळत घातल्या होत्या. त्या हलवायच्या निमित्तानं मी वर गेले. कुणीतरी जायलाच पाहिजे, अशी आपल्याकडे पद्धत आहे, आणि मला तर खाली राहवलंच नसतं. मी पाठमोरी बसून तुरीत हात फिरवत राहिले आणि कान तिकडे.

"भेंडी कशी आली?" अर्पितानं विचारलं.

"कोणती भेंडी?"

"दोन एकरवाली."

विवेक खाकरला. मग म्हणाला, "पेरलीच न्हाई. पाकिटं कपाटात हायत."

"तिन्ही?"

"तिन्ही."

ती हसली असावी, मला दिसलं नाही. मग ती म्हणाली, "एक विचारू? तुमच्या स्वेटरच्या बाहीतून शर्टाची बाही का दिसत न्हाई?"

माझे हात तुरीत थांबले. एवढी कॉलर शिवली आणि मनगटाचा विचार दोघांनीही केला नव्हता.

"हाफ हाय," विवेक म्हणाला.

"ह्या थंडीत?"

विवेकनं माझ्याकडे पाहिलं असणार. मी तुरीतून मान वर काढली नाही. शेवटी तो म्हणाला, "शर्ट न्हाई. नुसतीच कॉलर हाय." आणि मग एकदा सुरू झाला तो थांबेना. माझ्या भेगा, मामांचा मफलर, मशीन, शेपटी, सगळं त्यानं ओकून टाकलं. मी वळून बघितलं, तर अर्पिता हसता हसता कठड्याला टेकली होती. तिनं कॉलरीची पट्टी दोन बोटांत धरून बघितली आणि विचारलं, "खरंच तुमी शिवलीय?"

"आईशप्पथ."

"मंग हे खाली जाऊन सांगाल का?"

"तुमच्या वडलांसमोर? म्हंजे झालंच. तुमी परभणीला अन् मी हितं भेंडी पेरत."

"बरं," अर्पिता म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण बाईच्या असल्या 'बरं'मध्ये काय भरलेलं असतं, ते बाईलाच कळतं. जिना उतरताना मी तिच्या मागोमागच राहिले.

खाली पोह्यांच्या बश्या रिकाम्या झाल्या होत्या आणि तात्या पुढच्या बैठकीचं बोलत होते. अर्पिता वडिलांच्या शेजारी बसली आणि मीठ मागावं इतक्या सहज म्हणाली, "अण्णा, तुमी कॉलर नुसती मागून बघितलीत. पुढून बघा की. बटनापाशी."

चंद्रभानराव लगेच उठले. असल्या कामात त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागत नसावं. विवेक मागे सरकला, पण मागे भिंत होती. त्यांनी पट्टीखाली बोट घातलं, चाचपलं, त्यांच्या भुवया वर गेल्या आणि त्यांनी ओढलं. टिच, टिच, टिच. टिचबटणं एकापाठोपाठ एक सुटली. स्वेटरच्या गळ्यातून कॉलर आली, पट्टी आली, पाठीचं कापड आलं, दोन्हीकडचं इलास्टिक आलं. ते ताणलं गेलं आणि सटकून चंद्रभानरावांच्याच बोटांवर सण्णकन बसलं. विवेकच्या गळ्याशी आता नुसतं बनियन दिसत होतं.

सुमनबाईंनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे गदगदत होते. मला वाटलं रडतायत. माझ्या नवऱ्यानं अंगणातल्या कोंबड्यांकडे तोंड केलं.

"लीला!" मामा माझ्यावर कडाडले. "हा तुझाच उद्योग! ह्या घरात मशीनवर तुझ्याशिवाय कोण बसतंय?"

तात्यांना तेवढाच धागा सापडला. "आता बघा चंद्रभानराव, दीर-भावजयीची चेष्टामस्करी असती. वहिनीनं केली गंमत. पोरगं साधं हाय, घातलं त्यानं. त्याला बिचाऱ्याला काय म्हाईत?"

चंद्रभानराव बोटं चोळत होते. कॉलर त्यांच्या हातातच होती. ते जरा निवळले. "असं असंल तर पोराकडं बोट न्हाई. बायकांचा खुळेपणा आपण मनावर घेत न्हाई. पोरा, तूच सांग. वहिनीनं केलं ना हे? हो म्हण, विषय संपला. आपली सोयरीक पक्की."

सगळे विवेककडे बघायला लागले. एक 'हो' म्हटलं की अर्पिता त्याची होती. आणि मी काय, वहिनीच. माझ्यावर मामा दोन दिवस ओरडले असते आणि विसरले असते. त्यानं हो म्हटलं तर मला काही फार वाईट वाटणार नाही, असं मी मनाला बजावलं. ते खोटं होतं. मला फार वाईट वाटलं असतं.

विवेकनं अर्पिताकडे पाहिलं. ती छताच्या पंख्याकडे बघत बसली होती, जणू त्याच्या मोटारीवरचा नंबर वाचायलीय.

"न्हाई," विवेक म्हणाला. "वहिनीनं कायबी केलं न्हाई. कापली मी, शिवली मी, घातलीबी मीच. आमच्या तिघांच्या कॉलरी घासून त्यांच्या हाताला भेगा पडल्या, म्हणून त्यांनी सोडलं. बरोबर केलं. मला आळस, म्हणून मी हे काढलं. अन् आज तुमाला फसवायचंच होतं, म्हणून घातली. मला अर्पिता पाहिजे होत्या. दुसरं काय न्हाई."

मला भरून आलं. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून चार माणसांत माझ्या बाजूनं कुणी एक शब्द बोललं नव्हतं, नवऱ्यानंसुद्धा. आणि ह्या येड्यानं बोलायला दिवस कुठला निवडला!

मग मलाही राहवेना. मी दाराबाहेर आले. "शेपटी लावायचं मी सांगितलं. तेवढं माझं हाय."

"शेपटी?" मामांनी कपाळाला हात लावला.

चंद्रभानरावांचा चेहरा लाल झाला होता. "चला," ते म्हणाले. "फसवणारं घर हाय हे. ऊठ गं सुमन. अर्पिता, चल."

सुमनबाई उठल्या नाहीत. त्यांनी पदर खाली घेतला तेव्हा कळलं, की त्या रडत नव्हत्याच, हसत होत्या. हसून त्यांचे डोळे भिजले होते. त्यांनी बसल्या बसल्याच नवऱ्याचा हात धरून त्यांना खाली ओढलं आणि ते बसल्याबरोबर, सगळ्यांच्या देखत, त्यांची पांढरीशुभ्र कॉलर उलटली. अशी उलटली की आतली बाजू पार मामांपर्यंत दिसली. मामांनी घाईघाईनं स्वतःचा मफलर दोन्ही हातांनी घट्ट धरला, न जाणो बाईंचा हात तिकडंही यायचा.

"स्वच्छ हाय," सुमनबाई म्हणाल्या. "हाय ना? आता ह्याच्यावरून तुमी कसे ते ह्या लोकांना कळू द्या. सांगा."

चंद्रभानराव कॉलर सोडवून घ्यायला लागले.

"तुमचं कायबी कळत न्हाई ह्याच्यात. धुतलीय मी. मानवतच्या पोराची त्याच्या म्हाताऱ्या आईनं धुतली असंल, सेलूच्याची त्याच्या बहिणीनं. तुमी जल्मभर बायकांचे हात तपासले, अन् पास-नापास गड्यांना केलं." त्यांचा आवाज मुळीच चढला नव्हता. "हे पोरगं निदान स्वतःची स्वतः शिवतंय. मला तर बाई लय आवडलं."

कोंबड्यांकडे तोंड केलेला माझा नवरा हळूच वळला आणि त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. पाहू दे म्हटलं. मी हात पदराखाली घेतले नाहीत.

चंद्रभानराव हातातल्या कॉलरीकडे बघत बसले. मग सवयीनंच त्यांनी ती उलटली, आतलं कापड बघितलं, शिवणीवरून अंगठा फिरवला. "शिलाई सरळ हाय," ते पुटपुटले. मग एकदम लेकीकडे वळले. "तुला म्हाईत होतं?"

"गच्चीवर कळालं."

"मंग मला कामून बघायला लावलं? गपचूप सोयरीक झाली असती की!"

"गच्चीवर खरं बोलले ते," अर्पिता म्हणाली. "मला बघायचं होतं, तुमच्यासमोर बोलतेत का."

तिचं बोलणं ऐकून विवेकच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला सांगता यायचं नाही. तो गळ्याशी हात नेऊन कॉलर नीट करायला लागला, आणि कॉलर तर चंद्रभानरावांच्या हातात.

चंद्रभानरावांनी एक मोठा सुस्कारा टाकला. पराभव गिळणं त्यांना जड जात होतं आणि तो नुसता गिळतील असे ते दिसतही नव्हते. त्यांनी कॉलरीची व्यवस्थित घडी घातली, विवेकच्या मांडीवर ठेवली आणि उद्धवतात्यांना म्हणाले, "तारीख काढा. पण ह्या थंडीतली न्हाई. भर उन्हाळ्यातली, दुपारची काढा, ऊन मी म्हणत असताना. मांडवात मला ह्या गड्याच्या अंगावर स्वेटर दिसायला नको."

"दुपारची?" मामा घाबरून म्हणाले. "आहो, माणसं चक्कर येऊन पडतील!"

"पडू द्या. पण नवरदेव अख्ख्या शर्टात पाहिजे. कबूल हाय का, पोरा?"

विवेकनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी अर्पिताच म्हणाली, "कबूल."